तीन पदरांचा फ्यूज

त्या वर्षी ऊन असं काही तापलं, की सकाळी नऊला दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसायचा. गावाने आधी उन्हाला शिव्या घातल्या, मग वीज कंपनीला. दोघांनीही ऐकलं नाही म्हटल्यावर उरला वायरमन. तो हाताशी होता, शिवाय उलट बोलत नव्हता.

वायरमनच्या बायकोला सगळा गाव वायरमनीण म्हणायचा. तिचं खरं नाव कागदावर तेवढं उरलं होतं. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, पत्र्यावर ओली पोती. पोती टाकून ती खाली उतरेपर्यंत निम्मी सुकलेली असायची. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांची खाट, आणि खाटेशेजारी गुडघ्याएवढं, चाकांवरचं एक पांढरं यंत्र. ते खोलीतली हवा ओढायचं, त्यातला प्राणवायू वेगळा काढायचं आणि नळीतून आप्पांच्या नाकात सोडायचं. आप्पांनी तीस वर्षं खडी मशीनवर दगड फोडले होते. दगडाची धूळ छातीत बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाले होते, दिवसाचे सोळा तास यंत्र लागेल, आणि असल्या उन्हात एक तास जरी चुकला तरी सांगता येत नाही.

"म्हणजे हे चालू तर मी चालू," आप्पा म्हणाले होते. "बटण जपून दाब गं सूनबाई."

सात महिने वायरमनीण ते बटण जपत होती. यंत्राची घरघर तिच्या कानात इतकी मुरली होती, की ती थांबली तर झोपेतही तिला जाग यायची.

आणि त्या दिवसांत ती सारखी थांबत होती. चौकात दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर होता, त्याला सगळे डीपी म्हणायचे. ती डीपी बसवली तेव्हा गावात कूलर तीन होते. आता घरटी एक. दुपारी सगळे एकदम लागले की डीपीच्या पेटीतला फ्यूज जायचा, दिवसातून चारदा, पाचदा. शेवटी गावाने पाळी ठरवली. दुकानदाराच्या ओट्यावर रुळाचा एक तुकडा टांगला होता. दर दोन तासांनी दुकानदार त्यावर ठोका द्यायचा. ठोका पडला की वरच्या गल्लीने कूलर बंद करायचे, खालच्या गल्लीने लावायचे. आप्पांच्या यंत्राला पाळी नव्हती. ते गावाने कबूल केलं होतं, पण कबूल करताना काही जणांनी तोंडं वाकडी केली होती.

"वायरमनचा बाप ना, त्याला कसली पाळी," कुणीतरी म्हणालंच. वायरमनने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या घरचा पंखा काढून माळ्यावर टाकला.

वायरमन कामाला चोख होता, नको तितका. फ्यूजची तार तो बोटाने मापून तोडायचा, आणि एकच पदर घालायचा. एका दुपारी चौथ्यांदा फ्यूज घालून घामाने निथळत घरी आला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, एकदा जाड तार घालून टाका ना. सगळीकडे घालतात."

"सगळीकडे घालतात म्हणून सगळीकडच्या डीपी जळतात."

"फ्यूज दिवसाला पाचदा जळतो त्याचं काय?"

"तो जळतो ते त्याचं काम आहे. तो नाही जळला तर डीपी जळेल." त्याने भांडंभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. "गावात एवढा एकच आहे जो वेळेवर काम करतो, आणि तुम्हाला तोच नको."

आप्पा नळी लावूनही हसले. हसल्यावर त्यांना खोकला आला, खोकल्यावर धाप लागली, आणि ती पाठ चोळत बसली. विषय तिथेच राहिला.

दोन दिवसांनी सकाळी अकराला वायरमनला सबस्टेशनवरून बोलावणं आलं. उन्हाने मुख्य लाईनच्या तारा लोंबून झाडांना टेकल्या होत्या. दहा मैलांचा पट्टा होता, माणसं तीन. त्याने अवजारांची पिशवी खांद्याला लावली, टोपीखाली ओला फडका घेतला आणि निघाला. निघताना म्हणाला, "यंत्राची बॅटरी अर्धीच भरलीय. लाईट गेली तर पाऊण तास धर. मग सिलिंडर लाव. काटा बघून लाव, तिथेही फार नाहीये."

साडेबाराला फ्यूज गेला.

यंत्र एकदा थांबलं, मग बॅटरीवर सुरू झालं. वायरमनीणने नवऱ्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बाहेर गल्लीत दारं उघडायला लागली आणि पाच मिनिटांत अंगणात दहा-बारा माणसं जमली. पुढे दुकानदार, त्याच्या मागे शेजारची शिंपीण, तिच्या खांद्यावर वीस दिवसांची नात, अंगावर पुरळ उठून लालेलाल झालेली.

"वायरमन कुठाय?" दुकानदार म्हणाला.

"लाईनवर गेलेत."

"मग आम्ही काय करायचं?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "माझ्या घरी काय वेगळी लाईट आहे का?"

ती आत आली. पाऊण तासाची बॅटरी वीस मिनिटांतच किंचाळायला लागली. उन्हाने बॅटरीही नासली होती. तिने सिलिंडर लावला. काटा लाल पट्टीच्या जरासा वर होता. आप्पांच्या ओठांचा रंग उतरत होता. ते तिच्याकडे बघत होते आणि काही मागत नव्हते, आणि तिला तेच सहन होईना.

दारात शिंपीण उभी होती. हळूच म्हणाली, "वीस वर्षं बघतेयस ना गं नवऱ्याला. तुला येत असेल की."

येत होतं. तिला सगळं येत होतं. खांबाला खाली लोखंडी दांडा असतो, तो ओढला की वरचा पुरवठा तुटतो. मग पेटी उघडायची, चिनी मातीचा फ्यूज ओढून काढायचा, जळकी तार खरवडायची, नवी घालायची. तारेचं रीळ फळीवर होतं. तिने ते घेतलं, नवऱ्याचे जुने रबरी हातमोजे घेतले आणि आप्पांना म्हणाली, "आलेच."

चौकात पायाखालचा डांबराचा रस्ता मऊ झाला होता. लोखंडी दांडा मोज्यातूनही भाजला. तिने तो ओढला, पेटी उघडली. आत तीनपैकी दोन फ्यूज गेलेले. तिने एक पदर तोडला. मग थांबली. एक घातला तर तासाभरात पुन्हा जाणार. पुन्हा ती इथे आणि तिथे आप्पा एकटे. बॅटरी रिकामी, सिलिंडर रिकामा, मग काय घालायचं नळीत? एक जळतो ना, मग तीन घालू, असा तिने हिशेब केला. तिने आणखी दोन पदर तोडले आणि तिन्ही एकत्र पिळले. पीळ चांगला बसला. दुसऱ्या फ्यूजलाही तसाच. पेटी लावली, दांडा वर केला.

वर घर्रर्र झालं आणि दोन्ही गल्ल्यांतून एक आवाज उठला. लोक अक्षरशः ओरडले.

"वायरमनपेक्षा वायरमनीण बरी!" कुणीतरी म्हणालं. तिला हसू आलं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्या घराबद्दल कुणी चांगला शब्द काढला नव्हता.

ती घराकडे निघाली तसा दुकानदार मागून आला. "काय गं, आज दम दिसतोय लाईटीत. पाळी राहू दे का आजच्या दिवस? पोरं भाजून निघालीयत. सगळेच लावू?"

तिचं अर्धं लक्ष घराकडे होतं. शिंपिणीची नात आठवली. आणि खरं सांगायचं तर मघाचं ते कौतुकही अजून अंगावर होतं.

"लावा," ती म्हणाली.

पुढचे तीन तास त्या उन्हाळ्यातले सगळ्यात चांगले गेले. यंत्र घुमत होतं. बॅटरी भरत होती. आप्पांचे ओठ परतले. त्यांनी दोन घोट सरबत घेतलं, थोडं खाल्लंसुद्धा. माळ्यावरचा पंखा तिने खाली काढला आणि लावला.

"आज काय जादू केलीस?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही. तार बदलली."

"पोराला सांगू नकोस. नोकरी जाईल त्याची, तूच सगळं करतेस म्हटल्यावर." ते डोळे मिटून हसले. मग झोपले. ती खाटेच्या पायाशी जमिनीवर आडवी झाली, आणि कित्येक दिवसांनी तिचा डोळा लागला.

चारच्या सुमाराला तिला जाग आली ती वासाने. जळक्या तेलाचा वास. ती धडपडत बाहेर आली. डीपीच्या टाकीवरून काळं तेल ओघळत होतं आणि घुमण्याचा आवाज चढत चालला होता. दांडा ओढायला हवा, एवढं तिला कळलं, आणि ती धावलीही. चौकाच्या तोंडाशी पोचली तेव्हा धडाका झाला. टाकीचं झाकण उडालं, जळतं तेल खाली सांडलं, आणि दोन खांबांच्या मध्ये काळा धूर उभा राहिला. दुकानदाराने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

वायरमन सहाला आला. आग विझली होती. पेटीचं वितळलेलं दार त्याने पान्हा घालून उघडलं आणि ते दोन फ्यूज बाहेर काढले. वायरमनीण चार हातांवर उभी होती. त्याने तीन पदरांचा तो पीळ बघितला. मग तिच्याकडे बघितलं. कंपनीचे साहेब जीपमधून उतरत होते. वायरमनने दोन्ही तारा खिशात टाकल्या.

"जाड तार घातली होती की काय कुणी?" साहेबांनी विचारलं.

"असेल," वायरमन म्हणाला. "माझ्याच हातून झालं असेल. घाईत होतो."

माणसांमध्ये कुजबुज झाली. बाराजणांनी तिला पेटीपाशी बघितलं होतं. पण कूलर प्रत्येकाने लावला होता. कुणीच काही बोललं नाही. तिनेही तोंड उघडलं नाही.

"दुसरी कधी मिळेल?" दुकानदाराने विचारलं.

"गोदामात एकही नाही. या महिन्यात उन्हाने चाळीस गेल्या. तुमच्या आधी नऊ गावं आहेत. आठ-दहा दिवस धरा."

आठ-दहा दिवस. तिने मनातल्या मनात सिलिंडरचा काटा आठवला.

बॅटरी आणि सिलिंडर पुरवून पुरवून रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो करून ते आप्पांना शहराच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. व्हरांड्यात माणसं ओळीने निजवली होती, काहींच्या काखेत बर्फाच्या पिशव्या, काहींच्या तोंडावर माश्या. एका नळीला दोन-दोन जणं जोडलेली. डॉक्टर बाई तीन रात्री झोपल्या नसाव्यात. त्यांनी आप्पांना तपासलं, यंत्राबद्दल विचारलं.

"तुमच्याकडे घरी यंत्र आहे ना?"

"आहे, पण लाईट नाही," आप्पाच म्हणाले.

"मग लाईट असेल तिथे न्या. ज्यांच्याकडे यंत्रही नाही ते इथे पडलेत, काका. मी कुणाला उठवू?"

कुणाला उठवा म्हणायची सोय नव्हती. ते परतले.

शेजारच्या गावात एक पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याची मोटर वायरमनने एकदा अर्ध्या रात्री उठून चालू करून दिली होती. ती ओळख. गिरणीवाला माणूस भला, त्याने लगेच जागा दिली. पण हात जोडून म्हणाला, "गिरणी बंद नाही ठेवता येणार. लाईट सहा तास असते. तेवढ्यात चार गावांचं दळण उरकावं लागतं."

कोपऱ्यात खाट टाकली. खाटेभोवती वायरमनीणने ओली चादर बांधली. तरी पीठ यायचंच. यंत्राची जाळी दर तासाला पांढरी व्हायची, ती धुवायची. आप्पांच्या भुवयांवर, पापण्यांवर पीठ बसायचं. गिऱ्हाइकं डबे घेऊन यायची, चादरीच्या फटीतून बघायची. एक बाई तर तोंडावर म्हणाली, "खोकतोय बाई म्हातारा. आमच्या पिठात काही जायचं." वायरमनीणने ऐकून घेतलं. भांडायला तिच्याकडे हक्कही नव्हता आणि जागाही दुसरी नव्हती.

"आयुष्यभर दगडाचं पीठ खाल्लं," आप्पा म्हणाले, एकेक शब्द तोडत. "आता धान्याचं. बढतीच झाली म्हणायची."

सहा तास यंत्र, मग बॅटरी, मग सिलिंडर. सिलिंडर भरून आणायला वायरमन लाईनवरचं काम संपवून मोटारसायकलवर शहर गाठायचा. कधी मिळायचा, कधी रिकामाच परत आणायचा. तो यायचा, बापाच्या पायाला हात लावायचा, तिला डबा द्यायचा, जायचा. तारेबद्दल तो एक शब्द बोलला नाही. त्याने शिव्या द्याव्यात, चार लोकांत आपली अब्रू काढावी, असं तिला वाटायचं. तो विचारायचा, "जाळी धुतलीस?" ती म्हणायची, "धुतली."

सहाव्या दिवशी तिला राहवेना. गिरणी थांबली होती, आत आवाज नव्हता. ती खाटेशी वाकली.

"आप्पा, मला एक सांगायचंय."

त्यांनी हात थोडासा हलवला. "उद्या सांग. ऐकायलाही... दम लागतो."

तिने यंत्राची जाळी काढून धुवायला घेतली.

उद्या उजाडला तो आदल्या दिवसापेक्षा तापलेला. अकराला त्या गावचीही लाईट गेली. मुख्य लाईनच बसली होती. गिरणीवाल्याने कुणाकुणाला फोन केले. बॅटरी अर्ध्या तासात संपली. सिलिंडर भरायला वायरमन पहाटेच गेला होता आणि रस्त्यात कुठेतरी होता. वायरमनीण उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. गिरणीवाला दुसऱ्या बाजूने डब्याच्या झाकणाने. दोघांनाही माहीत होतं की वाऱ्याने काही होत नाही. आप्पांची छाती भात्यासारखी चालली, मग हळू, मग आणखी हळू. एकदा त्यांनी तिचं मनगट धरलं, घट्ट. ते सोडलं कधी, तिला कळलं नाही.

दीडच्या सुमाराला वायरमन भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात आला. गिरणीवाल्याने तो त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतला.

नवव्या दिवशी ट्रकमधून नवी डीपी आली. सगळा गाव चौकात. पोरं ट्रकच्या मागे धावत होती, दुकानदाराने सगळ्यांना सरबत दिलं. वायरमन सकाळपासून खांबावर होता. वायरमनीण गर्दीतून वाट काढत जीपपाशी गेली. साहेब बॉनेटवर कागद ठेवून लिहीत होते.

"साहेब, तार मी घातली होती. तीन पदर. माझ्या नवऱ्याने नाही."

साहेबांनी मान वर केली. शिंपिणीने नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"सगळे कूलर लावा, हेसुद्धा मीच म्हणाले. माझ्यावर लिहा."

"बाई," साहेब थकल्या आवाजात म्हणाले, "अहवाल परवाच वर गेला. कारण, अति उष्णता. चाळीसच्या चाळीस तसेच गेले. आता मी कुठे बदलू? आणि कशाला बदलू? तुमच्या नवऱ्याचीच नोकरी जाईल."

"मग आमचे सासरे?"

"त्यांचं काय?"

"त्यांचं कुठे लिहिलंय? डॉक्टरने कागदावर म्हातारपण लिहिलं. ते म्हातारपणाने नाही गेले."

"ते आमच्याकडे येत नाही," साहेब म्हणाले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. दुकानदार पुढे होऊन म्हणाला, "जाऊ दे आता वहिनी. आली ना डीपी. घरी जा, ऊन लागेल." आणि तेवढ्यात वायरमनने खाली उतरून दांडा वर केला, नवी डीपी घुमली, आणि मघाचे सगळे लोक आपापल्या घराकडे पळाले. पाणी भरायचं होतं, फोन चार्जिंगला लावायचे होते. मिनिटभरात चौक रिकामा झाला.

वायरमन दांडा सोडून खांबाच्या बोटभर सावलीत टेकला. ती त्याच्या शेजारी बसली. त्याने हातमोजे काढले. बोटं घामाने पांढरीफटक पडली होती.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला.

"तुम्ही काही बोलत नव्हता म्हणून."

त्याने मोजे एकावर एक ठेवले.

"मी त्या दिवशी दीड वाजताच मोकळा झालो होतो," तो म्हणाला. "सबस्टेशनवर विचारलं, आमच्या गावाला लाईट आहे का. म्हणाले, आहे, आणि लोड भरपूर ओढतेय. मला लगेच कळलं. फ्यूज गेला असणार आणि तू घातला असणार. एका पदरावर एवढा लोड ओढला जात नाही, तेही कळलं. तासाभरात घरी पोचलो असतो, जादाचे पदर काढले असते."

"मग?"

"झाडाखाली पाठ टेकली. म्हटलं, आप्पांना हवा मिळतेय ना, मिळू दे थोडा वेळ. म्हटलं, दहा मिनिटं. जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते."

तिने त्याच्याकडे पाहिलं. नऊ दिवस तिला वाटत होतं, कुणीतरी आपल्यावर ओरडावं. आता तिला त्याच्यावर ओरडता आलं असतं. तिने तोंडही उघडलं. पण समोरच्या माणसाचा चेहरा नुसता हाडांचा उरला होता, आणि तिला ओरडण्याजोगं काही सापडेना.

"उठा," ती म्हणाली. "इथे ऊन आलं."

तो उठला नाही. सावली सरकून त्याच्या खांद्यावरून गेली तरी दोघं तिथेच बसून राहिली. वरच्या गल्लीत कूलर लागले होते, खालच्या गल्लीतही, सगळे एकदम, आणि रुळाच्या तुकड्यावर ठोका द्यायला ओट्यावर कुणी नव्हतं.